थकवा आणि हट्टी रक्तदाब

पेणकडच्या खाडीकांठीं मीठ पिकविण्याचा धंदा जुना. तेंच मीठ पावसाळ्यांत बरणींतल्या बरणींत कसें पाझरूं लागतें, हें पेणपासून रोह्यापर्यंत कोणत्याही गृहिणीस ठाऊक आहे. मीठ तेथें पाणी. शरीरांतही बहुतेक हाच न्याय चालतो. म्हणून रक्तदाब वाढला कीं पेणचा पापड प्रथम पानांतून उठतो. तें योग्यच. परंतु श्रोतेहो, मीठ तोडलें, तीन औषधें नियमानें घेतलीं, तरी दाब उतरत नाहीं आणि जिना चढतांना पाय शिशाचे होतात, तेव्हां चौथी गोळी मागण्याआधीं ‘हें कां?’ असें विचारलें पाहिजे. असा दाब वर्षानुवर्षें राहिला तर पक्षाघाताचें भय असतें.

१९५४ सालीं अमेरिकेंत मिशिगन विद्यापीठांतील डॉ. जेरोम कॉन यांच्यापुढें ३४ वर्षांची एक स्त्री आली. दाब चढलेला, स्नायू वारंवार लुळे पडत, रक्तांत पोटॅशियम फार कमी. मूत्रपिंडावर टोपीसारखी बसलेली ॲड्रिनल ग्रंथि आल्डोस्टेरॉन हा स्राव वाजवीपेक्षां अधिक सोडीत होती. हा स्राव मूत्रपिंडास मीठ राखावयास आणि पोटॅशियम टाकावयास लावतो. मीठ राहिलें म्हणून दाब, पोटॅशियम गेलें म्हणून दुबळेपणा. तक्रारी दोन, कारण एक! ग्रंथींतील गांठ काढतांच ती सुधारली.

हा विकार वाटतो तितका विरळ नाहीं. पुष्कळ रोग्यांत पोटॅशियम ठीकच भरतें, म्हणून तेवढ्यावर विसंबूं नये. रक्तांतील आल्डोस्टेरॉन व रेनिन यांचें प्रमाण मोजून घ्यावें. दोष एकाच ग्रंथींत असेल तर शस्त्रक्रिया, दोन्हींत असेल तर स्पायरोनोलॅक्टोन हें जुनें औषध.

दुसरीं कारणेंही आहेत. झोपेंत श्वास अडकणारा मनुष्य दिवसभर पेंगतो व त्याचा दाबही चढतो. अंगदुखीच्या गोळ्या दाब वाढवितात. खोकल्यासाठीं रोज चघळलेलें ज्येष्ठमध तर आल्डोस्टेरॉनचीच नक्कल करतें! कधीं उपचारच थकवा आणतो. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं १९४९ सालीं सर्पगंधेचा रक्तदाबावरील गुण जगापुढें मांडला; तिच्यांतल्या रिसर्पीननें कित्येकांस ग्लानि व खिन्नता येते, हें पुढें दिसून आलें.

तेव्हां चालूं औषध मनानें बंद करूं नये. घरांतल्या साऱ्या गोळ्या, चूर्णें, ज्येष्ठमधाची कांडीसुद्धां, डॉक्टरांपुढें ठेवावीं. आणि रोगी घोरतो कीं काय हें सांगणारें माणूस बरोबर न्यावें.