डोक्यावरचा फेस

लिंबागणेशला भालचंद्राचं देऊळ आहे. चतुर्थीला दर्शनाला जायचं, म्हणून सकाळी डोक्यावरून आंघोळ. पूर्वी त्यासाठी शिकेकाई कुटावी लागे, रिठे भिजत घालावे लागत. आता दुकानात रुपया-दोन रुपयांत शांपूची पुडी मिळते. जरा चोळलं की डोकंभर फेस!

हा फेस कशाचा? पुष्कळ शांपूंत सोडियम लॉरिल सल्फेट नावाचं द्रव्य असतं. नाव अवघड आहे खरं. खोबरेल किंवा पामतेलापासून ते कारखान्यात करतात, खनिज तेलापासूनही करतात. तुम्ही म्हणाल, तेलापासून केलेलं, मग तेच तेल काढतं कसं? त्याच्या प्रत्येक कणाला दोन टोकं असतात. एक टोक तेलाला धरतं, दुसरं पाण्याला. पाणी ओतलं की तेल अन् मळ दोन्ही वाहून जातात. रिठा आणि साबण यांचंही असंच. पण बोअरचं पाणी जड असलं, तर साबणाला फेस येत नाही, केसांवर चिकट थर बसतो. हे द्रव्य जड पाण्यातही फेसाळतं.

अडचण अशी, की मळातलं तेल कोणतं आणि कातडीचं कोणतं, हे त्याला कळत नाही. कातडीच्या वरच्या थरातली स्निग्धता आतला ओलावा राखते. ती गेली की कातडी कोरडी पडते, लाल होते, खाज सुटते. कातडीचे डॉक्टर याच द्रव्याचं पातळ पाणी पट्टीखाली 24 तास ठेवून कातडी किती नाजूक आहे ते पाहतात. 100 भागांत 1 भाग, इतकं पातळ! तरी बऱ्याच जणांना तिथं लाली येते.

मग हे विष का? नाही. त्यानं कॅन्सर होतो ही आवई खोटी आहे. डोक्यावर ते घटकाभरही राहत नाही, धुऊन जातं. धुतलं गेलं नाही, तर मात्र त्रास. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहायची अन् एका बादलीत दोघांनी न्हायचं, मग फेस कानामागं, मानेवर तसाच राहतो. ऊसतोडीला गेलेल्यांचं कोपीवर हेच होतं. पाणी कमी असेल त्या दिवशी अर्धीच पुडी घ्या. इसब असेल त्यानं जास्तच जपावं, डॉक्टरांना विचारावं. मुलाच्या डोळ्यात गेलं तर साध्या पाण्यानं भरपूर धुवा. रिठाही डोळ्याला झोंबतोच, बरं का!

पुडीच्या मागं घटक छापलेले असतात, बहुधा इंग्रजीत अन् मुंगीएवढ्या अक्षरांत. शाळेतल्या पोराकडून वाचून घ्या. 'लॉरिल'च्या जागी 'लॉरेथ' असेल, तर ते कातडीला थोडं सौम्य. दोन्ही नावं जवळजवळ सारखी दिसतात, तेव्हा पोराला सावकाश वाचायला सांगा.