कालव्याच्या वरली जनावरं

फुरसुंगीच्या अंगाला आता जिथं काचेच्या इमारती उभ्या आहेत आणि रात्री दोन वाजता पोरंपोरी हातात चहाचे कप घेऊन गप्पा छाटत असतात, तिथं आमच्या लहानपणी दिवेलागणीनंतर एकट्यादुकट्याला जाऊ देत नसत, असं सांगितलं तर तुम्ही हसाल. चोराचिलटाची भीती नव्हती हो, चोरून न्यावं असं कुणापाशी होतं तरी काय! भीती जनावरांची. मधून खडकवासल्याचा कालवा वाहायचा. त्याच्या खाली हडपसर-मांजरीकडं सगळी बागायत, ऊस आणि भाजीपाला, आणि वर वडकीपर्यंत, पार दिवे घाटाच्या पायथ्याच्या मस्तानी तलावापर्यंत, नुसता उघडा माळ. कुसळी गवत, बोरी-बाभळी, बाकी मुरूम आणि दगड. खालची बागायतदार मंडळी आम्हा वरच्यांकडं पाहून हळहळायची. जनावरांचा हिशेब मात्र उलटा होता, त्यांना आमचाच माळ गोड. माझा आजा म्हणायचा, जनावर जागा बघून राहत नाही रे, माणसानं काय पाळलंय आणि काय पेरलंय ते बघून राहतं. तेव्हा वाटायचं, म्हातारा काहीतरी पुटपुटतोय. पण पुढं एकेक जनावर जसं गेलं आणि एकेक नवं जसं आलं, ते पाहिलं की त्याचं बोलणं आठवतं.

लांडग्याचंच घ्या. दिवाळी उरकली की बारामती-फलटणकडचे धनगर मेंढरं घेऊन कोकणाकडं निघायचे, वाटेत आमच्या रानात चार रात्री मेंढरं बसवायचे, म्हणजे आम्हाला लेंडीखत आणि त्यांना धान्य. वाड्याभोवती जाळी, जाळीभोवती कुत्री, तरी सकाळी एखादं कोकरू कमी भरायचंच. एक लांडगा मुद्दाम या बाजूला तोंड दाखवायचा, कुत्री सगळी भुंकत त्याच्यामागं, तोवर दुसरा पलीकडून जाळी ओलांडून काम साधायचा. धनगर शिव्या द्यायचे, पण त्या शिव्यांत फारसा राग नसायचा. एक म्हातारा तर सरळ म्हणायचा, त्याचा वाटा तो नेतो, आपण कोण अडवणार.

पण मला लांडग्याचं खरं नवल वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. त्याची पिल्लं थंडीत होतात, आणि शिकार करून लांडगा बिळाकडं येतो तो रिकाम्या तोंडानं. मांस दातांत धरून तो दूरवर कशाला मिरवत बसेल, वाटेत कुणी हिसकावून घेईल. तो ते पोटात घालून आणतो. पिल्लं धावत येऊन त्याचं थोबाड चाटायला लागतात, आणि त्या चाटण्यानं त्याला उमासा येऊन पोटातलं मऊ झालेलं मांस पिल्लांपुढं पडतं. तुमचं पाळलेलं कुत्रं तुम्ही घरी आलात की तोंड चाटायला येतं ना, ती त्याच खोडीची आठवण आहे, जेवण मागण्याची. आणि हा आपला माळावरचा लांडगा साधासुधा नव्हे बरं. जनुकं तपासणारे शास्त्रज्ञ सांगतात की जगातल्या लांडग्यांच्या अगदी जुन्या वंशांपैकी हा एक आहे.

खोकडाबद्दल थोडक्यात सांगतो. काळ्या टोकाची झुपकेदार शेपूट असलेलं ते एवढंसं जनावर, उंदीर खातं, वाळवी खातं आणि बोरांच्या दिवसांत बोरंही. बंगल्यांच्या प्लॉटसाठी माळ सपाट झाला तेव्हा सगळ्यात आधी त्याचीच बिळं बुजली, आणि कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

तरसाची गोष्ट मात्र सावकाश सांगायची आहे, कारण इतकं बदनाम जनावर दुसरं नसेल. दिसायला ओबडधोबड, पुढचे पाय लांब आणि मागचे आखूड, त्यामुळं पाठ उतरती, चालतं तेही लंगडल्यागत. लोक त्याला कुत्र्याच्या गोतातलं समजतात, पण मुंगूस आणि मांजर ही त्याची जवळची भावकी. आमच्याकडं बैल किंवा म्हैस मेली की ओढत नेऊन माळावर टाकायचे. दिवसा गिधाडं उतरायची आणि दुपार टळायच्या आत मांस फस्त, उरायचा तो हाडांचा सापळा. रात्री तरस यायचं ते या सापळ्यासाठी. बैलाच्या मांडीचं हाड, जे फोडायला आपल्याला कुऱ्हाड लागेल, ते तरस दाढेखाली धरून काडकन मोडायचं. वस्तीवर अंथरुणात पडल्या पडल्या तो आवाज आम्ही ऐकायचो. हाडं खाल्ल्यावर चुनाही पोटात जाणारच, म्हणून तरसाची विष्ठा वाळली की पांढरीफेक. आम्ही पोरं ती उचलून तिनं काळ्या दगडावर रेघा ओढत असू, आणि आजी दिसली की फेकून पळत असू.

एकदा वडिलांबरोबर बैलगाडीतून सासवडहून येत होतो. घाट उतरून खाली आलो तर कंदिलाच्या उजेडात वाटेवर हे उभं! मानेपासून शेपटीपर्यंतचे केस ताठ उभारलेले, अंगावरचे पट्टे फुगलेले, केवढं थोरलं धूड वाटलं. बैल थबकले. वडील गाडीतून न उतरता नुसतं "हो हो" म्हणत राहिले, आणि तरसानं आमच्याकडं नीट पाहून घेतलं, केस खाली बसवले आणि वाट सोडली. केस बसले तसं ते निम्म्यावर आलं, हडकुळं आणि ओशाळवाणं. तो सगळा थाट केसांचा होता.

त्याहून मोठी नाटकं ते कुत्र्यांपुढं करायचं. एका सकाळी गावातल्या कुत्र्यांनी एका तरसाला ओढ्यात गाठलं, आम्ही बाभळीवर चढून बघतोय, तर हे पठ्ठं आडवं पडलं, जीभ बाहेर, मान लुळी. कुत्र्यांनी हुंगलं, एकानं कानही ओढला, तरी हूं की चूं नाही. मेलेल्याशी कुत्र्यांना कसली झुंज! ती कंटाळून पांगली. बराच वेळ गेल्यावर तरसानं आधी एक डोळा उघडला, मग मान उचलली, आणि उठून काही घडलंच नाही अशा थाटात चालू लागलं. हे त्या एकट्याचं डोकं नव्हे, पट्टेरी तरस असं सोंग घेतात हे जाणकारांनीही नोंदवलं आहे.

मग ट्रॅक्टर आला आणि बैल गेले. गुरांना टोचायच्या डायक्लोफिनॅकनं गिधाडं मेली. औषध टोचलेलं ढोर मेलं की त्याच्या मांसातून ते गिधाडांच्या मूत्रपिंडांवर उठायचं. 2006 साली जनावरांसाठी त्याच्यावर बंदी आली, पण तोवर आभाळ रिकामं झालं होतं. ढोरं टाकायचं बंद झाल्यावर तरस तरी कशाला थांबेल?

आणि त्याच सुमारास, ज्या बागायतीत आम्हाला कधी कोल्ह्यापलीकडं काही भेटलं नाही, तिथं बिबट्या आला. उसाचा फड म्हणजे त्याला जंगलच. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने उभा, आत पाणी, सावली, आणि बाहेर वस्तीवरची कुत्री आणि डुकरं. अकोले तालुक्यात अभ्यास झाला तेव्हा बिबट्याच्या विष्ठेत सगळ्यात जास्त कुत्रीच निघाली. ऊसतोड सुरू झाली की पाचटात कधीकधी बछडी सापडतात, आणि इथं एक झकास गोष्ट होते. जुन्नरकडं वनखात्याची माणसं आता बछडी उचलून नेत नाहीत. त्याच रानात, संध्याकाळी, एका खोक्यात ठेवतात, कॅमेरा लावतात आणि लांब होतात. रात्री आई येते, खोक्याभोवती फिरते, पंजानं ते उलथतं करते आणि एकेक बछडं मानेला धरून घेऊन जाते. इतक्या माणसांचा वास लागलेला असतो, तरी तिला त्याचं काही नाही.

तरसही म्हणावं तसं गेलेलं नाही. सासवडच्या बाजूला कोंबड्यांच्या शेडा झाल्या, मेलेल्या कोंबड्या माळावर टाकतात, तिथं तरस येतं, लांडगा येतो आणि मोकाट कुत्रीही येतात. एका पंगतीला बसलं की सोयरीकही जमते. 2023 साली पुण्याजवळच्या एका जनावराची जनुकं तपासली तेव्हा ते लांडगा आणि कुत्रा यांचा संकर निघालं. धनगरांनी तसलं पिवळसर जनावर आधीच पाहिलेलं होतं, पण त्यांना कोण विचारतो.

परवा नातू मोबाईल नाचवत आला. "आजोबा, आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीपाशी वाघ आला, ग्रुपवर व्हिडिओ आलाय, सगळे घाबरलेत." मी चष्मा लावून पाहिलं. म्हटलं, "बाळा, पट्टे आहेत म्हणून वाघ होत नाही, मागचे पाय बघ." त्यानं पुन्हा लावून पाहिलं आणि विचारलं, "हे लंगडतंय का?" मी म्हटलं, "लंगडत नाही, तसंच चालतं ते. आणि ग्रुपवर लिही, तुमच्या कचऱ्यात हाडं असतील तर भिंतीबाहेर टाकू नका, नाहीतर ते रोज येईल." त्यानं लिहिलं. थोड्या वेळानं कुणाचं तरी उत्तर आलं, की वॉचमनला काठी द्यायचं ठरलंय.