नाकामागच्या रिकाम्या खोल्या

“मला सायनस आहे,” असे सांगणारे गृहस्थ हल्ली घरोघर भेटतात. श्रोतेहो, सायनस हा रोग नव्हे. तो धसईच्या शेतकऱ्याला असतो तसाच ठाण्याच्या कारखानदारालाही असतो. निसर्गाने एवढी एक गोष्ट तरी समान वाटली आहे. गालांच्या व कपाळाच्या हाडांत, दोन डोळ्यांच्या मध्ये आणि नाकाच्या मागे खोलवर हवेने भरलेल्या ज्या पोकळ्या आहेत, त्यांना सायनस म्हणतात. त्यांना सूज येते तेव्हा तो आजार. जुने वैद्य जुनाट पडशाला पीनस म्हणत.

या पोकळ्यांना आतून ओलसर अस्तर असते व त्यावर डोळ्यांना न दिसणारी लव. ती लव सतत हलत राहून स्राव नाकाकडे ढकलते. गंमत अशी की, गालातल्या पोकळीची मोरी तळाशी नसून वर, छताजवळ आहे. म्हणजे पाणी आपोआप वाहून जात नाही; ते वर चढवावे लागते. हे पाणके रात्रंदिवस बिनपगारी राबतात. पडसे झाले की अस्तर सुजते, मोरी बुजते, स्राव कोंडतो. मग खाली वाकले की गाल ठणकतो. वरच्या दाढांची मुळे या पोकळीच्या तळाला लागून असल्याने दाढही दुखते. उलट किडक्या दाढेचा पू वर चढू शकतो.

आमच्या मुरबाड-शहापुराकडे या लवेचे हाल फार. उन्हाळ्यात राब भाजण्याचा धूर, भाताच्या मळणीची धूळ, पाऊस सरल्यापासून वीटभट्ट्या. धुराने लवेचे काम मंदावते. लाकडाच्या भुशाचे तर याहून वाईट: त्याने नाकाचा व या पोकळ्यांचा कर्करोग होतो, हे आता जगभर मान्य आहे. तरी करवतीच्या कारखान्यात भुसा ओढून घेणारा पंखा मागितला, की खर्चाचा हिशेब पुढे येतो. कामगाराला म्हणे शिंकण्याची खोडच असते!

रोजंदारीवरच्या माणसाला उद्या कामावर उभे राहायचे असते. तो डॉक्टरला म्हणतो, “सुई द्या.” त्याला दोष देववत नाही, पण विज्ञान काय सांगते ते त्याला कळले पाहिजे. मोठ्या माणसांच्या शंभर पडशांत एखाद-दोनच जीवाणूंपर्यंत जातात, बाकी सारी विषाणूंची. पेनिसिलीन विषाणूला मारीत नाही. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, ती गरिबाला हे औषध मिळावे म्हणून. तेच आपण पडशावर उधळले, तर जीवाणू त्याला सरावतात आणि खऱ्या न्यूमोनियाच्या वेळी ते लटके पडते. शेंबूड पिवळा-हिरवा झाला एवढ्यावरूनही जीवाणू ठरत नाहीत. दहा दिवस उलटूनही उतार नाही, बरे वाटून पुन्हा जोर केला, किंवा भारी ताप व गालाचा ठणका तीन-चार दिवस टिकला, तर मात्र डॉक्टरने प्रतिजैविकाचा विचार करावा. बारा आठवडे लोटले, तर कान-नाक-घशाच्या तज्ज्ञाकडे जावे.

तोवर स्वस्त उपाय आहे. पाणी उकळून कोमट करावे, पेलाभर पाण्यात अर्धा चहाचा चमचा मीठ घालून नाक धुवावे. विहिरीचे किंवा नळाचे पाणी न उकळता नाकात घालू नये; क्वचित त्यातून मेंदूला जिवावरचा आजार होतो. नाक मोकळे करणारे थेंब तीन-चार दिवसांपलीकडे घालू नयेत. पुढे त्यांनीच नाक चोंदते.

२०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर महाराष्ट्रात काळ्या बुरशीने कहर केला, तो याच पोकळ्यांतून. मधुमेह आणि कोरोनावर दिलेली स्टिरॉइडे यांनी तिला वाट करून दिली. कित्येकांचे डोळे आणि जबडे काढावे लागले. ती बुरशी हवेत व मातीत असतेच. म्हणून मधुमेह्याचा गाल बधिर झाला, नाकातून काळपट स्राव आला, दात हलू लागले; किंवा कोणाचाही डोळा सुजला, एकाचे दोन दिसू लागले, मान ताठरली, तर सकाळच्या एस.टी.ची वाट पाहू नये. त्याच रात्री मिळेल त्या वाहनाने मोठे रुग्णालय गाठावे.