थंड इंजिनाची थरथर : गैरसमज आणि वस्तुस्थिती

ठाणे-बेलापूर रस्त्याला लागून, घणसोलीच्या शेजारी वसलेल्या तळवलीत, जिच्या एका अंगाला पारसिकचा डोंगर व त्याच्या पायथ्याची औद्योगिक वसाहत आणि दुसऱ्या अंगाला ठाण्याची खाडी आहे, गावठाणाच्या अरुंद गल्ल्यांत आणि नव्या इमारतींच्या तळमजल्यांवर रात्रभर उभ्या राहिलेल्या मोटारी सकाळी एकामागून एक सुरू होऊ लागल्या, की पुष्कळ नव्या गाड्यांच्या मालकांना एकच चिंता ग्रासते. इंजिन सुरू होताच आवाज चढतो, सुकाणूचक्र हाताला थरथरते, क्षणभर गाडी ‘मिस’ मारल्यासारखी वाटते, आणि मिनिट-दोन मिनिटांनी सारे शांत होते. कर्ज काढून घेतलेल्या वस्तूविषयी अशी शंका मनात आली, की शेजारी, चालक आणि कोपऱ्यावरचा मेकॅनिक ह्यांच्याकडून सल्ल्यांचा वर्षाव होतो. त्यांतले काही निरुपयोगी, काही खर्चिक, तर काही चक्क अपायकारक असतात. म्हणून पेट्रोल मोटारींपुरते ह्या विषयातील रूढ समज एकेक करून तपासणे अगत्याचे आहे.

गैरसमज पहिला : नवी गाडी सुरू होताना थरथरते, त्याअर्थी ती कारखान्यातूनच सदोष आली आहे.

वस्तुस्थिती : ही थरथर बहुतेक वेळा हेतुपुरस्सर घडवून आणलेली असते, आणि तिचे कारण सायलेन्सरच्या नळीत बसवलेल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये आहे. १९९५ सालापासून मुंबईसह चार महानगरांतील नव्या पेट्रोल मोटारींना सक्तीचे झालेले हे उपकरण प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम ह्यांसारख्या मौल्यवान धातूंच्या पातळ थराच्या साहाय्याने कार्बन मोनॉक्साइड, अर्धवट जळालेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे ह्यांचे तुलनेने निरुपद्रवी वायूंत रूपांतर करते. परंतु सुमारे २५० ते ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापल्याखेरीज त्याचे कार्य नीट सुरूच होत नाही, आणि त्यामुळे एका फेरीत गाडी जे विषारी वायू सोडते त्यांतला फार मोठा वाटा आरंभीच्या मिनिटा-दोन मिनिटांतच बाहेर पडतो. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज सहाच्या नियमांनी, आणि १ एप्रिल २०२३ पासून आलेल्या त्यांच्या दुसऱ्या टप्प्याने, ह्या धुरावर कडक अंमल बसवला. उत्सर्जनाची चाचणीच थंड इंजिनापासून सुरू होत असल्याने निर्मात्यांना कन्व्हर्टर शक्य तितक्या लवकर तापवण्याची तजवीज करावी लागली.

ती तजवीज अशी, की एरवी पिस्टन वरच्या टोकाला पोहोचण्याच्या किंचित आधी पडणारी ठिणगी इंजिनाचा संगणक आरंभी मुद्दाम उशिरा पाडतो. ज्वलन लांबते, त्यातली बरीचशी उष्णता पिस्टनला ढकलण्याऐवजी धुराबरोबर नळीत जाते आणि कन्व्हर्टर वेगाने तापतो. उशिरा पडलेल्या ठिणगीने होणारे ज्वलन प्रत्येक फेऱ्यात सारखे नसते, म्हणून थरथर जाणवते. आणि वाया गेलेली शक्ती भरून काढण्यासाठी हवा अधिक घ्यावी लागते, म्हणून आवाज चढतो. तापल्यावर मिनिटाला ७००-८०० फेऱ्यांवर स्थिरावणारे इंजिन सुरू होताच १२०० किंवा त्याहून अधिक फेऱ्यांवर का फिरते, ह्याचा खुलासा हाच. ज्या थरथरीने आपण अस्वस्थ होतो, ती आपल्याच गल्लीतील मुलांच्या श्वासात जाणारे विष कमी करण्यासाठी योजलेली असते, हे ध्यानी घेतले म्हणजे तिच्याकडे पाहण्याची दृष्टीच पालटते.

गैरसमज दुसरा : थंड इंजिनाचा प्रश्न सिमल्या-काश्मीरचा; नवी मुंबईच्या उकाड्यात तो कसा उद्भवेल?

वस्तुस्थिती : येथे ‘थंड’ हा शब्द ऋतूला नव्हे, इंजिनाला लागू आहे. इंजिनातील पाण्याचे नेहमीचे तापमान ९० अंशांच्या आसपास असते. त्या मानाने मे महिन्यातल्या पहाटे २८ अंशांवर उभी असलेली गाडीही साठाहून अधिक अंशांनी थंडच ठरते. मुंबईत नोंदलेले नीचांकी तापमान, म्हणजे २२ जानेवारी १९६२ रोजी सांताक्रूझ येथील ७.४ अंश, आणि वैशाखातली पहाट ह्यांत फरक आहे तो प्रमाणाचा. थंड काचेवर श्वासाची वाफ जमावी तसे पेट्रोलही थंड भिंतींवर द्रवरूपाने चिकटून राहते, पूर्ण वायुरूप होत नाही, आणि म्हणून ज्वलनाला पुरेशी वाफ मिळावी यासाठी आरंभी पेट्रोल अधिक सोडावे लागते. वालचंद हिराचंद ह्यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणाऱ्या पद्मिनीत हे काम चालक स्वतः चोक ओढून करीत असे, आणि तो परत ढकलण्याचे विसरला तर गाडी काळा धूर ओकत असे. आज तेच काम तापमान मोजणाऱ्या सेन्सरच्या आधारे संगणक करतो. काम बदललेले नाही, करणारा बदलला आहे.

गैरसमज तिसरा : आमची जुनी गाडी इतकी शांत होती, त्याअर्थी नवीचे इंजिन हलक्या प्रतीचे आहे.

वस्तुस्थिती : जुन्या-नव्याची तुलना करण्यापूर्वी सिलिंडरांची संख्या पाहावी. २००६ सालच्या केंद्रीय अर्थसंकल्पाने ४ मीटरहून कमी लांबीच्या आणि १२०० घनसेंटिमीटरपर्यंतचे पेट्रोल इंजिन असलेल्या मोटारींना उत्पादन शुल्कात सवलत दिली, तेव्हापासून लहान इंजिनांना महत्त्व आले, आणि पुढे इंधन वाचवण्याच्या ओढीने तीन सिलिंडरांची इंजिने सर्वत्र पसरली. २०२४ साली आलेल्या नव्या स्विफ्टमध्ये चारऐवजी तीन सिलिंडर आले. रांजणगावला तयार होणाऱ्या नेक्सॉनचे आणि नाशिकला तयार होणाऱ्या एक्सयूव्ही थ्री-एक्स-ओचे पेट्रोल इंजिनही तीनच सिलिंडरांचे आहे. चार सिलिंडरांच्या इंजिनात दर अर्ध्या फेऱ्याला एक स्फोट होतो, तीनच्या इंजिनात दोन-तृतीयांश फेऱ्याला. म्हणजे मिनिटाला ७५० फेऱ्यांच्या गतीने पहिल्यात सेकंदाला २५, तर दुसऱ्यात १९ हूनही कमी स्फोट होतात. स्फोटांमधले अंतर वाढले की प्रत्येक धक्का अंगाला वेगळा जाणवतो, आणि रबरी माउंटिंगांना तो पूर्णपणे गिळता येत नाही. हा रचनेचा स्वभाव आहे. त्यावरून प्रतीचा निवाडा करता येत नाही.

गैरसमज चौथा : सगळा दोष पेट्रोलमधल्या इथेनॉलचा आहे.

वस्तुस्थिती : ह्या म्हणण्यात सत्याचा अंश आहे, परंतु अंशच. पेट्रोलच्या तुलनेत इथेनॉलला वायुरूप होण्यासाठी दुपटीहून अधिक उष्णता लागते, म्हणून थंड इंजिनात ते अधिक आळशी ठरते. ब्राझीलमध्ये निव्वळ इथेनॉलवर चालणाऱ्या मोटारींत गारठ्यात सुरू होण्यासाठी पेट्रोलची एक छोटी वेगळी टाकी ठेवण्याचा प्रघात होता, तो ह्याच कारणाने. परंतु आपल्याकडच्या २० टक्के मिश्रणात आणि आपल्या हवामानात निरोगी इंजिनाचा संगणक ही उणीव भरून काढू शकतो. चिंता करावी ती दोन प्रसंगी : गाडी २० टक्के मिश्रणासाठी बनवलेली नसेल तर तिचे रबरी भाग वेळोवेळी तपासून घ्यावेत; आणि इथेनॉल पाणी शोषून घेत असल्यामुळे, भर पावसाळ्यात पेट्रोल भरल्याबरोबर गाडी झटके देऊ लागली व तापल्यावरही थांबली नाही, तर टाकीत पाणी उतरल्याचा संशय धरून ताबडतोब तपास करावा.

सीएनजीच्या गाड्यांची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्यांपैकी पुष्कळ गाड्या पेट्रोलवर सुरू होतात आणि थोड्या वेळाने आपोआप गॅसवर जातात. त्या बदलाच्या क्षणी किंचित अडखळणे स्वाभाविक आहे. मात्र गॅस स्वस्त म्हणून पेट्रोलची टाकी महिनोन्‌महिने रिकामी किंवा तेच जुने पेट्रोल साठवून ठेवणाऱ्यांच्या गाड्यांत इंजेक्टरांवर राळ धरते आणि सकाळची थरथर वाढते. अधूनमधून ताजे पेट्रोल भरून काही अंतर त्यावर गाडी चालवणे, हा ह्यावरचा साधा उपाय होय.

गैरसमज पाचवा : सकाळी दहा मिनिटे गाडी उभ्या उभ्या तापवावी, आणि वर रेस द्यावी, म्हणजे कार्बन जळून जातो.

वस्तुस्थिती : उभ्या गाडीचे इंजिन फार सावकाश तापते आणि तेवढा वेळ अधिक पेट्रोल पीत राहते; त्यातले न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरील ऑइलचा थर धुऊन खाली उतरते. ऑइल सर्वत्र पोहोचण्यापूर्वी दिलेली रेस तर झीजच वाढवते. इंजिन सुरू झाल्यावर अर्धा मिनिट थांबून पहिले काही किलोमीटर सौम्यपणे गाडी चालवावी, हा आधुनिक मोटारींचा दस्तूर आहे. तळवलीहून घणसोली स्टेशनपर्यंत जाऊन गाडी बंद करण्याचाच ज्यांचा नित्यक्रम असेल, त्यांचे इंजिन कधीच पूर्ण तापत नाही. त्यांनी आठवड्यातून एखादी लांबची फेरी मारावी. आणि इमारतीखालच्या बंदिस्त पार्किंगमध्ये गाडी चालू ठेवून तापवणे हा केवळ अपव्यय नव्हे, प्राणाशी खेळ आहे. कारण कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि तो जीव घेतो.

गैरसमज सहावा : जाड ऑइल टाकले की इंजिन शांत होते.

वस्तुस्थिती : नव्या इंजिनांतील सूक्ष्म वाटा आणि ऑइलच्या दाबावर चालणारी व्हॉल्व्हची यंत्रणा ही पातळ ऑइलासाठी आखलेली असते. ०डब्ल्यू-२० सांगितलेले असताना कोणी २०डब्ल्यू-५० घातले, तर थंडीत ते वरच्या भागांपर्यंत उशिरा पोहोचते, आणि ज्या क्षणी झीज सर्वाधिक होते त्याच क्षणी इंजिन कोरडे राहते. मालकाच्या पुस्तिकेत लिहिलेले ऑइल, हाच अखेरचा शब्द मानावा.

गैरसमज सातवा : बॅटरीची तार काढून लावली, की गाडी ठीक होते.

वस्तुस्थिती : थ्रॉटल बॉडीत किती मळ साचला, इंधनात किती कमी-अधिक करावे लागते, ह्याची टिपणे संगणक दिवसेंदिवस करून ठेवतो, तार काढल्याने त्यांतली बरीचशी पुसली जातात आणि पुन्हा सारे शिकून होईपर्यंत आयडलिंग उलट बिघडू शकते. त्याहून मोठे नुकसान असे, की दोष कोणत्या तापमानाला, कोणत्या गतीला घडला ह्याची संगणकाच्या दप्तरातील नोंद त्याबरोबर जाते, आणि तपास करणाऱ्याच्या हाती पुरावाच उरत नाही. म्हणून आधी स्कॅनर लावून नोंद वाचावी, मग हात लावावा.

गैरसमज आठवा : दिवा लागला नाही, पीयूसी उत्तीर्ण झाली; त्याअर्थी गाडी निर्दोष आहे.

वस्तुस्थिती : पीयूसीची तपासणी तापलेल्या इंजिनावर होते, त्यामुळे सकाळच्या दुखण्याविषयी तो दाखला काहीच सांगत नाही. चेक इंजिनचा दिवाही दोष ठरावीक मर्यादेबाहेर गेल्यावर आणि बहुधा पुन्हा आढळल्यावरच लागतो. मात्र तो दिवा लुकलुकू लागला, तर न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जळण्याचा धोका आहे असे समजावे, वेग तत्काळ कमी करावा आणि गाडी दुरुस्तीला न्यावी.

खरा दोष कसा ओळखावा?

तीन प्रश्न विचारावेत. थरथर दोन-तीन मिनिटांत थांबते काय? ती दररोज सारखीच आहे, की दिवसेंदिवस वाढत आहे? आणि इंजिन पूर्ण तापल्यावर, सिग्नलला उभे असताना, ती पुन्हा येते काय? पहिल्याचे उत्तर होकारार्थी आणि उरलेल्या दोहोंचे नकारार्थी असेल, तर निश्चिंत असावे. अन्यथा संशयितांची यादी फार लांब नाही : झिजलेला प्लग वा चिरलेली कॉइल, जी पावसाळी ओलाव्यात विशेष त्रास देते, रात्रभर थेंब थेंब गळणारा इंजेक्टर, हवा आत ओढणारी फाटकी नळी, पेट्रोल भरल्यानंतर लगेच थरथर वाढवणारा, उघडाच अडकलेला पर्ज व्हॉल्व्ह, मळलेली थ्रॉटल बॉडी, आणि पावसाळ्यात बॉनेटखाली आसरा घेणाऱ्या उंदरांनी कुरतडलेली तार. कूलंटची पातळी घटत असेल आणि पांढरा धूर तापल्यावरही थांबत नसेल, तर मात्र गाडी चालवूच नये.

तक्रार घेऊन जाताना एक अडचण हटकून येते : सर्व्हिस सेंटरला पोहोचेपर्यंत इंजिन तापते आणि दोष लपतो. म्हणून सकाळच्या थरथरीचे चित्रण मोबाइलवर घ्यावे, त्यात फेऱ्यांचा काटा दिसेल असे पाहावे, गाडी आदल्या संध्याकाळी तेथे ठेवून दुसऱ्या दिवशी आपल्यासमोर सुरू करण्याचा आग्रह धरावा, आणि तक्रार जॉब कार्डवर स्पष्ट शब्दांत लिहून घ्यावी. वॉरंटीची मुदत संपल्यावर हा लेखी कागदच उपयोगी पडतो. कारण सिद्ध होण्यापूर्वी एकामागून एक सुटे भाग बदलण्यास संमती देऊ नये. पहिल्या दोन मिनिटांची थरथर ही बहुधा इंजिनाचे कर्तव्य असते, तापल्यानंतर उरणारी थरथर हा दोष असतो. एवढा भेद ज्याने ध्यानात ठेवला, त्याचे पैसे वाचतील आणि गाडीही टिकेल.