बाग हवी, पण कोणाच्या जमिनीवर?

बीडजवळ पालवणच्या उघड्या डोंगरावर अभिनेते सयाजी शिंदे आणि वनखात्याने सह्याद्री देवराई उभी केली. फेब्रुवारी २०२० मध्ये तेथे वृक्षसंमेलनही भरले. आता शहरातली कुटुंबे तेथे फिरायला जातात. ती जमीन वनखात्याची. त्या झाडांशी आमचे भांडण नाही. दुष्काळी जिल्ह्यात सावली कोणाला नको?

आमचा सवाल पुढचा आहे. गर्दी वाढली की नव्या बागा हव्यात, आणि बागेसाठी 'पडीक' जमीन शोधताना नजर गायरानावर जाते. पण मराठवाड्यातले गायरान पडीक नाही. त्यावर भूमिहीनांची चूल पेटते. त्यासाठी कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली सत्याग्रह केले. बीड जिल्ह्यात ॲड. एकनाथ आवाड आयुष्यभर झगडले. १४ एप्रिल १९९० पर्यंतची मागासवर्गीय भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय शासनाने १९९१ साली घेतला. तरीही अनेकांच्या नावाचा सातबारा झालेला नाही.

दगड वेचून ज्वारी पिकवणारा अतिक्रमणदार आणि त्याच रानात कारंजे बसवणारा विकासपुरुष, हा कुठला न्याय? आधी सातबारा द्या, मग बागेचा नकाशा काढा. आणि बांधवांनो, दंडाच्या जुन्या पावत्या जपून ठेवा. तोच आपला पुरावा आहे!