कान ठणठणीत, तरी शुद्धलेखन का चुकते?

श्रुतलेखनाच्या वहीत 'धार'च्या जागी 'दार', 'फळ'च्या जागी 'पळ'. बाई लाल शाईने 'लक्ष दे' असा शेरा मारतात. पालक मुलाला कानाच्या डॉक्टरांकडे नेतात. श्रवणचाचणी निर्दोष येते आणि सारे खापर आळसावर फुटते.

वस्तुतः ऐकणे कानाशी संपत नाही. आंतरकर्णातून आलेले संकेत मेंदूला वेगळे करावे लागतात, क्रमाने लावावे लागतात, क्षणभर स्मरणात धरावे लागतात. नेहमीची चाचणी शांत खोलीत बारीक सूर ऐकू येतो की नाही, एवढेच पाहते. पंख्याची घरघर, पत्र्यावरचा पाऊस आणि मागच्या बाकावरची कुजबुज यांतून बाईंचा आवाज वेचणे हे निराळेच काम. घरी कोकणी आणि शाळेत मराठी ऐकणाऱ्या आपल्याकडील मुलाला ते आणखी अवघड.

'द' आणि 'ध' यांतला भेद एका फुंकरीचा, सेकंदाच्या काही शतांशांचा. देवनागरीत दोहोंना स्वतंत्र अक्षरे आहेत; जो भेद मेंदूने टिपला नाही, तो लेखणीत कसा उतरणार?

ऑक्सफर्डच्या लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांचे १९८३ सालचे संशोधन येथे महत्त्वाचे ठरते. अद्याप वाचू न लागलेल्या चार-पाच वर्षांच्या मुलांना त्यांनी काही शब्द ऐकवून त्यांतला विजोड शब्द ओळखायला सांगितले. ज्यांना ते जमले, ती मुले पुढे वाचनात साधारणपणे सरस ठरली. काही मुलांना ध्वनींची वर्गवारी प्लास्टिकच्या अक्षरांसह शिकविली, तेव्हा त्यांची प्रगती सर्वाधिक दिसली.

मात्र प्रत्येक चुकीला विकाराचे लेबल लावू नये. 'दूध'ऐवजी 'दूद' लिहिणारे मूल कदाचित नीटच ऐकते. शब्दाच्या अखेरचा महाप्राण बोलताना आपण सारेच सैल सोडतो! वाचनातील प्रत्येक अडचणीचे मूळही श्रवणात नसते. श्रवणप्रक्रियेतील दोष हा स्वतंत्र विकार मानावा काय, यावर तज्ज्ञांतच मतभेद आहेत. सातव्या वर्षाआधी त्याचे निदान सहसा केले जात नाही, आणि ते काम श्रवणतज्ज्ञांचे.

निदानापर्यंत थांबण्याचे मात्र कारण नाही. मुलाला पंख्यापासून दूर, फळ्याजवळ बसवावे. सूचना एका वेळी एकच द्यावी. घरी 'माळ, गाळ, टाळ, पान' म्हणून विजोड शब्द विचारावा. उत्तर आले की तो शब्द अक्षरांच्या ठोकळ्यांनी जुळवायला द्यावा.