पहिल्या धारेला नातवंडांसह सौताड्याला

आषाढात दोन-चार चांगले पाऊस झाले की एखाद्या रविवारी मी नातवंडांना घेऊन सौताड्याला जाते. पाटोदा तालुक्यात बालाघाटाच्या कड्यावरून विंचरणा नदी इथे खोल दरीत कोसळते. तळाशी रामेश्वराचं देऊळ आहे. ‘श्रावणात जा, तेव्हा खरी धार असते,’ असं सगळे सांगतात. बरोबरच आहे. आपला बीड जिल्हा पर्जन्यछायेतला. उन्हाळाभर तापून भेगाळलेली जमीन सुरुवातीचे पाऊस स्वतःच पिऊन टाकते, नदीपर्यंत फार थोडं पोचतं. पण पोरांना मला नेमकं तेच दाखवायचं असतं. धार बारीक, कातळाला चिकटून उतरणारी, चहासारखी गढूळ. ‘अशी का गं?’ म्हटलं की नात सांगते, ‘वरच्या शेतातली माती आली, आजी.’ एवढं कळलं की शेताला बांध कशाला घालतात ते वेगळं शिकवावं लागत नाही.

उतरताना मात्र मी कडक असते. या दिवसांत दगडांवर शेवाळ धरू लागतं, कड्याचे सैल दगड सुटतात. इथे ऊन असलं तरी वरच्या अंगाला पाऊस झाला की पाणी बघता बघता वाढतं. म्हणून पायात पट्ट्याचे बूट, कुंडात उतरायचं नाही, फोटोसाठी कडेला जायचं नाही. पाण्याबरोबर काटक्या, पालापाचोळा वाहून येऊ लागला की डबा अर्धा टाकून तडक वर.

धाकट्याला आता कपिलधारचा धबधबा बघायचाय, मन्मथस्वामींच्या समाधीजवळचा. नेईन, हीच ताकीद देऊन.